तळाला कडी असलेली डोलची

१

केसांना तेल लावायला बसलेल्या बाईला हाक मारू नये, एवढी साधी अक्कल त्या वॉर्डात कोणालाच नव्हती. नगरसेविका झाल्यापासून प्रमिलाबाईंचं डोकं एकदाही धड तेल प्यायलेलं नव्हतं. त्या सकाळीही तेच. अर्ध्या डोक्याला तेल लागलेलं, अर्धं कोरडं, आणि दारात बोंब, "अक्का, चाल लवकर! विहिरीमा कोनी तरी काही टाकी दिन्हं!"

तेलाची वाटी तशीच राहिली. डोक्यावर पदर ओढून प्रमिलाबाई धावल्या.

निंबाची विहीर म्हणजे त्यांचा जीव. नंदुरबारच्या त्या वॉर्डात एका अंगाला मारवाड्यांची दुकानं, दुसऱ्या अंगाला मोहल्ला आणि मधोमध, जुन्या निंबाखाली, ही विहीर. वर्षानुवर्षं तिच्यात निर्माल्य, तुटक्या चपला, मिरचीच्या फाटक्या गोण्या, जे जे नकोसं झालं ते ते पडत आलेलं. नळाचं पाणी दिवसाआड, उन्हाळ्यात तर त्याहून लांबलेलं. निवडणुकीत प्रमिलाबाई एकच वाक्य बोलल्या होत्या, "बाकीनं माले नई समजत, विहीर मातर साफ करी दिसू." आणि केली की! दोन्ही अंगांची माणसं आत उतरली, गाळ उपसला, झरे मोकळे झाले, पाणी तपासून आलं ते चांगलं निघालं. मेहबूब मिस्त्रीने विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, जाळीला झाकण केलं, झाकणाला कुलूप. काल दिवेलागणीला प्रमिलाबाईंनी विहिरीचं पहिलं पाणी म्हणून घरोघर एकेक हंडा पाठवला. मग मेहबूबने झाकणावर तांबड्या रेड ऑक्साइडचा हात मारला, कुलूप घातलं आणि सगळे घरी गेले. आज पंप सुरू व्हायचा होता.

आता झाकण सताड उघडं होतं, कुलूप गायब होतं आणि खाली पाण्यावर एक दोरी तरंगत होती.

कोणीतरी गळ टाकला आणि दोरी ओढली. दोरीच्या टोकाला एक पितळी डोलची वर आली. छोटीशी, राखेने घासून लख्ख केलेली. पण दोरी तिच्या वरच्या कडीला बांधलेली नव्हती. डोलचीच्या तळाला एक कडी कथलाचा डाग देऊन जोडलेली होती आणि दोरी त्या कडीला होती.

"तळाले कडी?" गर्दीतली एक बाई दोन पावलं मागे सरली. "उलटं भांडं! करणी शे ही, माय!"

"करणी कसली? जहर टाकलंय, जहर!" दुसरा ओरडला. झालं. बायांनी पोरं मागे ओढली, लोक भराभर कट्ट्यापासून लांब झाले, पाण्याकडे कोणी बघेना.

पंप सुरू करायला आलेले पालिकेचे इंजिनियर साहेब भला माणूस. त्यांनी प्रमिलाबाईंना बाजूला घेतलं. "अक्का, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. आत काय गेलं ते संध्याकाळपर्यंत कळलं तर बघू. नाहीतर मला वर स्लॅब टाकून विहीर बंद करावी लागेल. आणि खरं सांगू का, आता तुमचीच माणसं हे पाणी तोंडात घेणार नाहीत."

स्लॅब! एकदा स्लॅब पडला की त्यावर मोटारसायकली उभ्या राहणार आणि ही विहीर पुन्हा कोणी बघणार नाही, हे प्रमिलाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

समोरच्या किराणा दुकानाच्या ओट्यावरून सुमेरमल शेठ गरजले. विहीर समितीचे अध्यक्ष ते. "ज्याने हे काम केलं त्याला मी स्वतः पोलिसात देणार! मग तो कोणी का असेना! माझ्या घरचा असला तरी सोडणार नाही!"

तेवढ्यात कोणीतरी किंचाळलं, "अरे, मेहबूबना हात देखा!"

मेहबूबचे दोन्ही तळवे तांबडे होते.

२

"रंग मीच मारला, अक्का. हात लाल नाही होणार तर काय पांढरे होणार?" मेहबूब म्हणाला. प्रमिलाबाईंनी त्याला गर्दीतून ओढून निंबाच्या पाराला बसवलं होतं. एरवी हसतमुख मिस्त्री, आज ओठ कोरडे पडलेले.

त्याचं म्हणणं काही चूक नव्हतं. पण कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक सुमेरमल शेठांकडे, अध्यक्ष म्हणून. दुसरी मेहबूबकडे, जाळीचं थोडं काम बाकी होतं म्हणून. प्रमिलाबाईंनी कोयंडा बारकाईने पाहिला होता. कुठे करवतीची खूण नाही, ठोकल्याचा पोचा नाही. कुलूप किल्लीनेच उघडलेलं होतं.

"तुन्ही किल्ली कोठे शे?"

मेहबूबने गळ्यातला दोरा ओढून दाखवली. रात्रभर तिथेच होती म्हणाला.

"आनि हाई?" प्रमिलाबाईंनी डोलची पुढे केली.

मेहबूबने ती सहज घेतली. उलटी केली. तळाच्या कडीवर, जिथे डाग दिला होता तिथे, त्याने अंगठा फिरवला. अंगठा थांबला. मग त्याने डोलची हळूच पारावर ठेवली आणि मान फिरवली.

"मुझे नहीं मालूम."

"तुले म्हाइत शे, मेहबूब. मी काय आंधळी शे का?"

गर्दीतून कोणीतरी त्याच्या नावाने शिवी हासडली. मेहबूबने तिकडे पाहिलं, मग शेठांच्या ओट्याकडे पाहिलं आणि एकदम म्हणाला, "अक्का, माझंच नाव सांगा. झाकण मी उघडलं."

"कसाले?"

"बस, उघडलं."

प्रमिलाबाईंनी त्याला मनगटाला धरून विहिरीपाशी नेलं. झाकणाच्या कडेवर ओल्या रंगात बोटांचे ठसे उमटले होते. अगदी बारीक, नाजूक. मेहबूबची बोटं म्हणजे घण मारून मारून केळ्यासारखी जाड झालेली. ठशावर त्याचा अंगठा ठेवला तर ठसा सगळा अंगठ्याखाली गडप झाला.

"खोटं बोलाले बी अक्कल लागस," त्या हळूच म्हणाल्या. "कोनले वाचाडी ऱ्हायना तू?"

मेहबूबने मनगट सोडवून घेतलं आणि तो परत पारावर जाऊन बसला.

३

विहिरीच्या कट्ट्यावर रोज भिकुबाई बसते. निंबाच्या, बाभळीच्या दातुनांच्या जुड्या विकते. गावातली अर्धी तोंडं तिच्या हातची काडी चावून उघडतात म्हणा ना. आज ती घाबरून एका कोपऱ्यात आक्रसून बसली होती, कारण करणीचा शब्द निघाला की पहिली नजर गरीब बाईकडेच वळते, हे तिला चांगलं कळत होतं.

प्रमिलाबाई तिच्याशेजारी फतकल मारून बसल्या. "भिकुबाई, तुन्हाकडे कोनी बोट करं तर मन्हासंगे गाठ शे. तू फक्त सांग, काय देखं?"

"मी दातून लेवाले गवू तवय अंधार व्हता," भिकुबाई म्हणाली. "पन खांबना दिवा व्हता ना. झाकन लागेल व्हतं, कुलूप बी व्हतं. परत उनू तवय चांगलं उजाडेल व्हतं, नि झाकन उघडं. मी खोकलनू तं कोनी तरी तिकडे लगबग निंघी गयं. पाठच दिखनी, तोंड नई."

"तिकडे म्हंजे कोठे?"

भिकुबाईने दुकानांच्या बाजूकडे हात केला आणि लगेच मागे घेतला. मोठ्या लोकांच्या घरांकडे हात करायचा म्हणजे काय!

प्रमिलाबाईंच्या डोक्यात मात्र दुसरंच घोळायला लागलं. वाईट काम करणारा अंधार शोधतो. याला तर अख्खी रात्र मोकळी होती. तरी हा थांबला, उजाडू दिलं आणि मग आला. असा कोण चोर, ज्याला काम करायला उजेड लागतो?

आता राहिला भूपेश, टँकरवाला. विहीर सुरू झाली की सर्वांत जास्त पोट दुखणार ते त्याचं, हे वॉर्डात शेंबडं पोरही सांगेल. आणि तो सकाळपासून गायब होता. "भूपेशनाच कारभार शे हाऊ," असं लोक एकमेकांना सांगायला लागले, तोच त्याची मोटारसायकल गल्लीत शिरली. मागे पेढ्यांचा पुडा बांधलेला.

"अक्का, पोर व्हयनी माले!" तो लांबूनच ओरडला. काल दुपारपासून तो बायकोबरोबर चिंचपाड्याच्या दवाखान्यात होता. त्याची सासूही तिथेच होती, आणि भूपेशची सासू जावयाच्या बाजूने खोटं बोलेल हे कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी प्रमिलाबाईंना पटलं नसतं.

विहिरीचं ऐकून त्याचं तोंड उतरलं. "खरं सांगू का अक्का, विहीर सुरू व्हवाले नको असं मन्हा मनमा कितलांदा तरी उनं. पन जहर? मन्ही पोर बी याच गल्लीमा वाढनार शे ना. घे, पेढा घे."

प्रमिलाबाईंनी पेढा तोंडात टाकला. उरलेली दुसरी किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांचं नाव त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण ते उच्चारायची हिंमत होईना. विहिरीचा गाळ काढायला ज्यांनी सर्वांत आधी माणसं दिली, त्यांनीच ती नासवावी?

४

प्रमिलाबाई घरी आल्या. तेलाची वाटी अजून उंबऱ्यातच होती. त्यांनी अंगणात पाण्याची बादली भरली, डोलची घेतली आणि एखाद्या पोरीने भातुकली मांडावी तशा खेळायला बसल्या. शेजारीण कुंपणावरून बघून गेली आणि अक्काला ऊन लागलं असं चार घरी सांगून आली.

दोरी तळाच्या कडीला बांधलेली. डोलची सोडली की उलटी लटकायची आणि आतलं सगळं पाणी सांडायचं. मग असली डोलची बनवणाऱ्याला वेड लागलं होतं का? प्रमिलाबाईंनी दोरी बोटांमधून सरकवली, तेव्हा तळापासून वितीवर त्यांच्या हाताला एक लहानशी आकडी लागली. दोरीतच गुंफलेली. सकाळच्या गडबडीत ती कोणाला दिसली नव्हती.

आकडी त्यांनी डोलचीच्या वरच्या कडीत अडकवली. डोलची भरली आणि उचलली. आता ती सरळ लटकली, थेंबही सांडला नाही. हळूहळू बादलीत सोडली. डोलचीचं बूड पाण्याला टेकलं, दोरी सैल पडली आणि आकडी आपोआप सुटली. प्रमिलाबाईंनी दोरी वर ओढली. डोलची पाण्यातच अलगद कलंडली, आतलं पाणी बादलीतल्या पाण्यात मिसळलं आणि ती रिकामी वर आली.

त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच. कितीही वेळा केलं तरी डोलची वर रिकामीच यायची.

"अगं माय वं!" प्रमिलाबाई मोठ्याने म्हणाल्या.

ही डोलची पाणी काढायची नव्हतीच. पाणी सोडायची होती. आणि तेही वरून भस्सकन ओतायचं नाही, तान्हं बाळ पाळण्यात ठेवावं तसं, पाण्याला पाणी लावून ठेवायचं. जहर टाकणारा कशाला एवढी नजाकत करेल? तो जाळीतूनच ओतून पळेल, त्याला झाकण उघडायचीही गरज नाही. आत जे सोडलं गेलं ते कोणाला तरी फार जिवाभावाचं होतं.

प्रमिलाबाईंनी पदर खोचला आणि सुमेरमल शेठांच्या घराची वाट धरली.

५

शेठांनी किल्ली दाखवली. देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लटकत होती. "रात्री इथे ठेवली, सकाळी इथेच. बघा ना. माझ्यावर शक घेता काय, प्रमिलाबाई?"

प्रमिलाबाई किल्लीकडे बघतच नव्हत्या. त्यांचं लक्ष मागच्या अंगणात गेलं होतं. काल पाठवलेला हंडा तिथे पाटावर ठेवलेला, तोंडावर झाकणी. वर दोरीवर पाणी गाळायचं दुहेरी पांढरं कापड वाळत होतं. आणि कापडाच्या एका कोपऱ्याला तांबडा डाग होता. विटकरी तांबडा. मिरचीचा नव्हे, मेंदीचा नव्हे.

"हुलासभाभी," त्यांनी आत हाक मारली, "पाणी देता का घोटभर?"

शेठाणी हुलासबाई आल्या. म्हाताऱ्या, काटकुळ्या, ओढणी कपाळापर्यंत. पेला पुढे करताना ओढणीतून हात बाहेर काढावाच लागला. घासून घासून कातडी सोलवटली होती, तरी नखांच्या कडांना रेड ऑक्साइड तसाच होता.

प्रमिलाबाईंनी पेला घेतला आणि त्यांचा हातही सोडला नाही. "भाभी, मीच चुकले. काल मी पाणी पाठवलं दिवेलागणीला. दिवस मावळल्यावर तुम्ही जैन लोक पाण्याला हात लावत नाही, ते माझ्या ध्यानातच राहिलं नाही. म्हणून तुम्ही उजाडायची वाट पाहिली. उजाडल्यावर पाणी गाळलं. आता पुढचं तुम्ही सांगा. गाळल्यावर कापडावर जे राहतं, त्याचं तुम्ही काय करता?"

हुलासबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "जिवाणी," त्या पुटपुटल्या. "पाण्यातले बारीक जीव, बाई. कापडावर राहतात. ज्या पाण्याचे ते, त्याच पाण्यात परत सोडायचे. दुसरीकडे सोडले तर मरतात. वरून टाकले तरी मरतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी ती डोलची घेऊन निंबाच्या विहिरीवर जायची. मग विहीर घाण झाली, नळ आला. नळात जिवाणी परत कशी घालणार? डोलची माळ्यावर पडली. मन खात होतं एवढी वर्षं. काल तुमचा हंडा आला आणि मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला..."

"आणि विहिरीला कुलूप."

"हो ना. किल्ली घेऊन गेले. दोरी धरली तर हात रंगाने बुळबुळीत. मागून कोणी खोकलं, मी दचकले. दोरी सुटली, कुलूप कट्ट्यावर ठेवलं होतं ते ओढणीने आत गेलं. पळत आले, किल्ली खिळ्याला लावली. सांगणार होते हो यांना. पण हे ओट्यावरून ओरडले, घरचा असला तरी पोलिसात देणार म्हणून."

सुमेरमल शेठ दारात उभे होते. सगळं त्यांनी ऐकलं होतं. मग ते मटकन खाली बसले. "हुलासा," ते म्हणाले, "मी काय राक्षस आहे काय गं?"

"नाही," हुलासबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पण ओरडता तसेच."

६

दिवस मावळायला अजून वेळ होता. इंजिनियर साहेब विहिरीवर आले होते, गर्दीही जमली होती, आणि मेहबूब एकटाच पारावर मान खाली घालून बसला होता.

प्रमिलाबाईंनी सगळ्यांसमोर बादलीत डोलची सोडून दाखवली. ती कशी सरळ जाते, कशी कलंडते, कशी रिकामी येते. "देखा, डोळा फाडी देखा! जहर टाकनारा इतला लाड करस का?" पण पुढचं नाव त्या घेणार नव्हत्या. ते घ्यायचं की नाही, हे त्यांनी ज्याचं त्याच्यावर सोडलं होतं.

गर्दी दुभंगली. हुलासबाई आल्या. आजवर ओट्याखाली उतरून मोठ्याने शब्द न काढलेली बाई वॉर्डासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "झाकण मी उघडलं. याच विहिरीचं पाणी, याच विहिरीत परत सोडलं. दुसरं काही नाही. तेच पाणी गाळून, उकळून मी सकाळपासून पिते आहे. या मेहबूबला कोणी काही बोलू नका."

सकाळी शिवी हासडणारा चपलेने माती उकरत उभा राहिला. मग तो पाराकडे गेला आणि मेहबूबपुढे त्याने हात जोडले.

"तुला माहीत होतं ना रे?" हुलासबाईंनी मेहबूबला विचारलं.

"कडीचा डाग अब्बांच्या हातचा आहे, चाची. लहानपणी मी भाता ओढला होता. कशाची कडी ते माहीत नव्हतं, पण घर माहीत होतं." मेहबूबने डोळे चोळले. "सकाळी ही गर्दी बघितली ना तुम्ही? मी नाव घेतलं असतं तर सगळे तुमच्या दारात आले असते. मला काय, मी ऐकून घेतलं असतं."

प्रमिलाबाईंना भडभडून आलं. त्या नगरसेविका आहेत, चारचौघांत उभ्या आहेत, हे सगळं विसरून त्या पदरात तोंड लपवून रडल्या. साफ केलेल्या विहिरीपेक्षा हा माणूस आपल्या वॉर्डात राहतो याचाच त्यांना जास्त अभिमान वाटला.

इंजिनियर साहेबांनी घसा साफ केला. "पाण्याचा नमुना पुन्हा तपासायला पाठवतो. तोवर कोणी पिऊ नका. पण स्लॅब नाही, अक्का. स्लॅबचं विसरा."

नमुना चांगला निघाला. पंप सुरू झाला, दोन्ही अंगांच्या घरांत पाणी गेलं, आणि पहिल्या हंड्याला हळदकुंकू लावायला भूपेशची माय नातीला दुपट्यात गुंडाळून घेऊन आली. भिकुबाईला कट्ट्यावर सावलीची कायमची जागा मिळाली.

पंप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मेहबूबने जाळीच्या झाकणात एक गोल खिडकी कापली होती. डोलची जाईल एवढीच, पोर पडणार नाही एवढी. कडा घासून गुळगुळीत केल्या, म्हाताऱ्या हातांना लागू नयेत म्हणून. रंग लावला आणि तो पुरता वाळेपर्यंत स्वतः राखण करत बसला.

सुमेरमल शेठ नवं कुलूप घेऊन आले. "मोठ्या झाकणाला हे. आणि या खिडकीला कुठलं लावायचं?"

"तिला नाही, शेठ," मेहबूब म्हणाला. "ती उघडीच राहू द्या."

पंप सुरू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन निंबावर आलं तेव्हा हुलासबाई डोलची घेऊन विहिरीवर गेल्या. आकडी अडकवायला भिकुबाईने हात लावला. डोलची खाली गेली, पाण्याला टेकली आणि रिकामी वर आली. प्रमिलाबाई आपल्या दारात बसून हे बघत होत्या. त्या सकाळी त्यांना कोणीच हाक मारली नाही, आणि त्यांनी सगळ्या डोक्याला तेल लावून घेतलं.